मूठभर चरबी

डॉक्टरांनी तपासणीचा निकाल दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, बाहेरचं खाणं अजून चालूच आहे का? प्रश्न रंगाऱ्याला होता, पण तळपायाची आग मस्तकात गेली ती त्याच्या बायकोच्या.

तिला माहेरी ठिणगी म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला माणसांची पारख होती एवढं नक्की. सासरीही तेच चिकटलं. ती एका मोठ्या लाँड्रीत कपड्यांवरचे डाग काढायची आणि नवरा लोकांची घरं रंगवायचा, म्हणजे एक डाग पाडणारा आणि दुसरी काढणारी, असं दोन्हीकडचे पाहुणे हसून म्हणायचे. त्या दिवशी दवाखान्यात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. रंगाऱ्याच्या हृदयाची एक नळी आत जाळी बसवून मोकळी केलेली होती. दुसरी निम्मी बुजलेली होती. गोळ्या घ्या, खाणं सांभाळा, रक्तातली चरबी उतरली तर या दुसरीला हात लावायला नको, असं डॉक्टर आधी म्हणाले होते. तीन महिने झाले आणि चरबी जिथल्या तिथे. आता पुन्हा तीन महिन्यांनी बघू, ते म्हणाले, पण तेव्हाही असंच निघालं तर छाती उघडावी लागेल. हे सांगताना ते रंगाऱ्याकडे बघत होते आणि रंगारी स्वतःच्या बुटांकडे.

बाहेर खाता का, याला त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मूग गिळून बसला. त्या गप्प बसण्याचा अर्थ कुणीही लावला असता तोच ठिणगीनं लावला.

तिची बाजूही समजून घ्यायला हवी. मटणाच्या दुकानात वाढलेल्या माणसाला पालापाचोळ्यावर जगवता येत नाही. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या, भूमध्य समुद्राच्या काठची माणसं जेवतात तसं जेवा, तेल ऑलिव्हचं, भाज्या भरपूर, मांस बेताचं आणि तेही पांढरं. बाईंना सांगायला काय जातं. पहिल्या चार दिवसांत रंगाऱ्यानं भाजलेल्या वांग्याकडे असं बघितलं की जणू त्यानंच याची नोकरी घालवली होती. मग ठिणगीनं मधला मार्ग काढला. टर्की पक्ष्याच्या खिम्याचे बर्गर.

पहिले बर्गर चपलेच्या तळव्यासारखे झाले. पण ती हटली नाही. व्हिडिओ बघून, चुकून, टाकून देऊन ती शिकत गेली. पालक बारीक चिरून, मीठ लावून, सगळं पाणी जाईपर्यंत मुठीत पिळायचा, नाहीतर टिक्की तव्यावर फुटते. कांदा चिरायचा नाही, किसायचा. वाळवलेले टोमॅटो, काळे ऑलिव्ह, लसूण, पुदिना, लिंबाची किसलेली साल, आणि डॉक्टरांच्या धाकानं चिमूटभरच फेटा चीज. खिमा कणकेसारखा मळायचा नाही, नुसता हलक्या हातानं एकत्र करायचा. टिक्कीच्या मधोमध अंगठ्यानं खळगा पाडायचा, म्हणजे ती फुगून चेंडू होत नाही. बिडाच्या तव्यावर तेलाचं नुसतं बोट फिरवायचं. सोबत फडक्यात टांगून घट्ट केलेल्या दह्यात काकडी, आणि गव्हाचा पाव. दर शनिवारी कामावरून आल्यावर ती आठवड्याची बेगमी करून फ्रीझरमध्ये ठेवायची. लाँड्रीतल्या वाफेनं आधीच सोललेल्या हातांना लिंबाची साल किसताना काय होतं ते तिलाच ठाऊक.

खिमा अर्थातच सासऱ्यांच्या दुकानातला. म्हातारा अजून स्वतः गल्ल्याजवळ उभा राहायचा, स्वतः सुरी चालवायचा. मटणवाल्याच्या सुनेनं दुसऱ्याच्या दुकानातून खिमा आणला असता तर त्याला चार लोकांत तोंड दाखवायला जागा उरली नसती. ती टर्की सांगायची, म्हातारा नाक मुरडायचा, आणि आत जाऊन यंत्रातून काढून पुडा आणून द्यायचा.

पहिल्या आठवड्यानंतर बर्गर एकदम सुधारले. मऊ, रसरशीत, दाबले की कडेनं ओल सुटणारे. ठिणगीला वाटलं, आपला हात बसला. किसलेल्या कांद्याची ही करामत आहे असं तिनं लाँड्रीतल्या मैत्रिणींना सांगितलंसुद्धा, आणि दोघींनी आपापल्या घरी करून बघितलं तेव्हा त्यांचे कोरडे का झाले म्हणून त्यांनाच चार गोष्टी सुनावल्या. रंगारी रोज म्हणायचा, छान झालंय. वर जेवण झालं रे झालं की उठून तवा घासायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, याला कधी चमचा विसळायचं सुचलं नव्हतं. आजारपणानं माणूस सुधारतो, असं ती मनात म्हणायची आणि तेवढ्यापुरती सुखावायची.

असं सगळं असताना डॉक्टर विचारतात, बाहेर खाता का.

घरी येईपर्यंत तिनं दम धरला आणि दार लागल्यावर तोंडाचा पट्टा सोडला. काय खातोस, कुठे खातोस, कुणाबरोबर खातोस. तो म्हणाला, कुठेच नाही. तेही इतक्या हळू म्हणाला की खरं बोलणारा माणूस असं बोलत नाही. त्या दिवसापासून तिनं त्याचे खिसे तपासायला सुरुवात केली. कामाच्या शर्टावर तेलाचे डाग शोधले, आणि डाग शोधण्यात तिचा हात कोण धरणार, पण रंगाशिवाय काही मिळेना. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या माणसाला तिनं फोन केला. तो बिचारा म्हणाला, वहिनी, तो तर दुपारी सफरचंद खातो. तिला तोही सामील वाटला. ज्या बाईनं आयुष्यात कुणाच्या चिठ्ठीला हात लावला नव्हता ती नवऱ्याच्या शर्टाच्या कॉलरला नाक लावून उभी राहायला लागली, आणि स्वतःची किळस येऊन पुन्हा त्याच्यावरच ओरडायला लागली.

एका रविवारी सासरे जेवायला होते. सासूबाई गेल्यापासून ते रविवारी इथेच जेवायचे. रंगाऱ्यानं बर्गरचा घास घेतला आणि छान झालंय म्हणाला. ठिणगीच्या डोक्यात सणक गेली. मी इथे मरमर मरते आणि हा बाहेर जाऊन शेण खातो, ती सासऱ्यांना म्हणाली, तुमचा मुलगा खोटारडा आहे बाबा, त्याला जगायचंच नाही. रंगारी मान खाली घालून चावत राहिला. सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि आपल्या बर्गरवर आणखी थोडं दही घातलं.

त्याच्याच पुढच्या रविवारची गोष्ट. सासरे त्या दिवशी आले नव्हते. जेवण चालू असतानाच रंगाऱ्याला फोन आला, नव्या कामाच्या घरी ठेवलेला रंगाचा डबा लवंडून मालकिणीच्या लाकडी जमिनीवर ओघळ गेला होता. तो अर्धा घास टाकून धावला. ठिणगी पडली जरा वेळ, डोळा लागला, आणि उठून ओट्याशी गेली तेव्हा तवा तसाच होता. तीन महिन्यांत तो तिला पहिल्यांदाच न घासलेला दिसला. आणि त्यात पांढराशुभ्र थर गोठलेला होता.

ती बघतच राहिली. तेलाचं तर तिनं बोट फिरवलं होतं, आणि ऑलिव्हचं तेल घरात ठेवून असं गोठत नाही. टर्कीच्या छातीच्या मांसाला एवढी चरबी नसते, त्यासाठीच तर ती आणायची. तिनं नखानं थर खरवडला, बोटांत चोळला. मेणासारखा बसला, सुटेना. गार पाण्यानं जाईना, गरम पाण्यानं गेला. मेंढीची चरबी. कोटांच्या बाह्यांवरून ही काढण्यात तिची निम्मी हयात गेली होती, हाताच्या काकणाला आरसा कशाला.

आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. हे कळल्यावर तिला आधी काय वाटलं असेल, तर खरं सांगायचं म्हणजे आनंद झाला. नवरा खोटं बोलत नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण, असं म्हणून तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. दुसऱ्या दिवशी लाँड्रीतून सुटल्यावर ती थेट दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. म्हातारा सुरी पुसत होता.

“बाबा, आमच्या खिम्यात तुम्ही चरबी घालता?”

“घालतो की,” तो म्हणाला. लपवाछपवी नाही, काही नाही. “मूठभर. तुझ्या त्या टर्कीत आहे काय? कापूस. पहिल्या रविवारी त्यानं अर्धा बर्गर ताटात टाकला, मी बघितलं ना. माझ्या पोरानं ताटात मांस टाकलेलं मी आजवर बघितलं नव्हतं.”

तिनं त्याला सांगितलं की डॉक्टर छाती उघडायचं म्हणतायत. म्हातारा म्हणाला, डॉक्टरांचा धंदाच तो, आणि आजारातून उठलेल्या माणसाच्या अंगात चरबी गेल्याशिवाय ताकद कुठून यायची. त्याच्या दुकानातून सुका खिमा कधी कुणाच्या घरी गेला नव्हता, तो पोराच्या घरी कसा जाईल. हे सगळं तो इतक्या शांतपणे बोलला की ठिणगीला शेजारची सुरी दिसायला लागली.

“मी तुमच्या देखत त्याला खोटारडा म्हणाले,” ती म्हणाली. “तुम्ही बर्गर खात बसलात.”

“नवरा-बायकोच्या भांडणात मी कशाला पडू?”

ती वळली, आणि म्हाताऱ्याला वाटलं असावं की सून फारच चिडली आहे, जरा समजूत काढावी. म्हणून तो मागून म्हणाला, “आणि त्याला काय ठाऊक नाही होय? लहानपणी डोळे बांधून घास दिला तरी कुठल्या जनावराचा, कुठला तुकडा, सांगायचा. गिऱ्हाइकं बघायला यायची.” त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता.

ठिणगी दारातच थांबली. मग तिला तो रोज घासलेला तवा आठवला.

घरापर्यंतचा रस्ता तिनं कसा कापला ते तिला सांगता आलं नसतं. संन्यासी चोराचा भागीदार निघाला होता. रंगारी मागच्या गॅलरीत ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुचकळत बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, “कधी कळलं तुला?”

त्यानं वर बघितलं. काय ते विचारायचं सोंगसुद्धा केलं नाही.

“पहिल्याच घासाला.”

ब्रश डब्याच्या कडेला निथळत ठेवून तो बोलायला लागला, आणि न बोलणारा माणूस बोलतो तसं तुटक बोलला. दुकान सोडून त्यानं रंगाचा डबा उचलला त्या दिवसापासून बाप त्याच्याशी कामापुरतंच बोलत होता. दवाखान्यातही आला नव्हता. गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, मुलाची पाठ धरली आहे. मटणवाल्याच्या पोराचं हृदय बिघडलं म्हटलं तर लोक काय म्हणतील. आणि मग त्या दुसऱ्या आठवड्यात तो घास तोंडात गेला.

“ही त्यांनी माझ्यासाठी घातलीय, हे कळलं मला,” तो म्हणाला. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी माझ्यासाठी केलं होतं त्यांनी. नको कसं म्हणू?”

दुसरी एखादी असती तर इथे विरघळली असती. ठिणगीचा राग उलट तिथून खरा सुरू झाला.

“त्यांनी मूठभर चरबी टाकली ती माया,” ती म्हणाली. “आणि मी तीन महिने पालक पिळत बसले, ते काय होतं? मी तुझे खिसे तपासले. तुझ्या शर्टांचा वास घेतला. तुझ्या मित्राला फोन करून स्वतःची शोभा करून घेतली. आणि तू बघत होतास. तू मला माझ्याच घरात पोलीस केलंस. त्यांचं मन राखायला तू मरायला तयार आहेस, आणि माझ्याशी खरं बोलायला तयार नाहीस.”

तो रडायला लागला. तिनं रडू दिलं. रडणाऱ्या माणसाला दर वेळी पाणी आणून द्यायलाच पाहिजे असं काही नाही.

मग तिनं आपला निर्णय सांगितला. बाबांना ती काही सांगणार नव्हती. तिला ते हो म्हणतील आणि पुन्हा घालतील. दुसऱ्या दुकानातून खिमा आणणं सोपं होतं, पण मग हा जन्मभर दुसऱ्या कुणाचं तरी मन राखत बसेल आणि हिला नळ्या मोजत बसावं लागेल. त्यामुळे त्यानं स्वतः जायचं, बापासमोर उभं राहायचं आणि नको म्हणायचं. तोवर तिच्या हातचं काही मिळणार नाही. रंगारी म्हणाला, मी त्यांना नको असं कधी म्हटलेलंच नाही, दुकान सोडतो हेसुद्धा आईनं सांगितलं होतं. ती म्हणाली, आता आई नाही.

तो आठवडा त्या घरात कुणी जगू नये असा होता. तो स्वतः दोडका उकडून खायचा, ती समोर बसून पावाला दही लावून खायची. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे तिला पटलेलं होतं आणि तिनं नाक सोडलं नाही.

शनिवारी तो निघाला. ती बरोबर गेली. पोलीस केलंच आहेस तर पोलीस येणार, ती म्हणाली.

दुकानात गर्दी होती. म्हातारा मेंढीचा खिमा काढत होता, यंत्र घरघरत होतं. त्यानं मुलाला बघितलं, सुनेला बघितलं, आणि टर्कीची छाती काढून फळीवर घेतली. चार तुकडे केले. मग सवयीनं हात बाजूच्या परातीकडे गेला आणि पांढऱ्या चरबीची मूठ भरली.

“बाबा, चरबी नको.”

यंत्राच्या आवाजात ते विरून गेलं. ठिणगीनं दातांवर दात दाबले. आता आपणच ओरडावं, असा मोह तिला झाला, आणि तो आवरणं हे त्या आठवड्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

“बाबा,” रंगारी मोठ्यानं म्हणाला. “चरबी घालू नका.”

म्हाताऱ्यानं यंत्र बंद केलं. रांगेतले सगळे बघायला लागले.

“कोरडं लागेल,” म्हातारा म्हणाला.

“लागू दे.”

“तुला कोरडं आवडत नाही.”

“नाही आवडत,” रंगारी म्हणाला. त्यानं नजर खाली वळवली नाही. “पण मला जगायचंय, बाबा.”

म्हाताऱ्याची मूठ अजून भरलेलीच होती. त्यानं मुठीकडे बघितलं, ती परातीत रिकामी केली, आणि टर्कीचे तुकडे यंत्रात टाकायला उचलले. उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. यंत्राच्या नळीत आधीचा मेंढीचा खिमा अडकलेला होता. त्यानं यंत्राच्या तोंडाची कडी फिरवून सैल केली. जाळीची चकती काढली, पातं काढलं, आतला लोखंडी स्क्रू ओढून काढला, आणि सगळं घेऊन मागच्या नळाशी गेला. उकळतं पाणी ओतून एकेक भाग घासायला लागला. हे काम तो दुकान बंद करताना करायचा, भर गर्दीत कधीच नाही.

रांग कुरकुरली. एक बाई म्हणाली, अहो, आमचं आधी द्या, त्यांचं सावकाश करा. दुसरा म्हणाला, पाठदुखीला आता टर्की सांगतात वाटतं, आणि दोघंतिघं हसले.

म्हाताऱ्यानं पाठ न वळवता सांगितलं, “थांबायचं तर थांबा, नाहीतर जा. माझ्या मुलाचं हृदय बिघडलंय.”

नळाखाली तो एकच चकती पुन्हा पुन्हा घासत होता, पलीकडून उजेड दिसेपर्यंत, आणि रंगारी गल्ल्याला धरून बापाच्या पाठीकडे बघत होता. कुणीही गेलं नाही.

यंत्र पुन्हा जोडून, तुकड्यांवरची कातडी आणि कडेचा पांढरा भाग सुरीनं काढून, म्हाताऱ्यानं खिमा काढला. पुडा मुलाच्या हातात दिला नाही, सुनेसमोर उघडा धरला. “बघून घे,” तो म्हणाला.

आता यावर कुणीही सून म्हणाली असती, असू दे बाबा, विश्वास आहे. ठिणगीनं चिमूट उचलली आणि सगळ्या रांगेसमोर बोटांत चोळली. काही बसलं नाही.

“पुढच्या वेळीही बघणार,” ती म्हणाली.

“बघ,” म्हातारा म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारलं.

बाहेर आल्यावर दोघं घरच्या रस्त्याला लागले. पुडा रंगाऱ्याच्या हातात होता. त्याचे डोळे लाल होते, पण चाल मोकळी झाली होती, आणि त्याची ती मोकळी चाल बघूनही तिचा संताप होत होता, कारण हे सगळं तीन महिन्यांपूर्वी होऊ शकलं असतं. तो आधी बोलला.

“अजून रागावलीस?”

“हो.”

“किती दिवस रागावणार आहेस?”

“वर्षं म्हण,” ती म्हणाली. “माझा राग लवकर संपत नाही, माहीत आहे तुला. तो संपेपर्यंत तू जगायचंस. मी रागावलेली असताना मधेच मेलास तर बघ.”

त्यानं मान हलवली, पुडा दुसऱ्या हातात घेतला, आणि दोघं घराकडे चालत राहिले.